आईचा अंबाडा आणि भनपुरीचा टब

रायपुरात गरम पाण्याचा टब विकत घ्यायला निघालेल्या माणसाकडे लोक जरा निरखून पाहतात. इथे मे महिन्यात नळालाच चहा करण्याजोगं पाणी येतं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तर मला सरळ विचारलं, "मॅडम, ठंडे पानी का लेना था ना?" मी हसले. त्या दिवसांत मी कशालाही नुसती हसत असे, कारण समजावून सांगायचं त्राण उरलं नव्हतं.

टब आईसाठी हवा होता. तिला संधिवात. गुडघे केव्हाच गेले होते, पण गुडघ्यांचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. तिचं दुःख बोटांचं होतं. सकाळी उठलं की बोटं वळायची नाहीत, हात खांद्याच्या वर जायचा नाही, आणि त्यामुळे तिला स्वतःचा अंबाडा घालता यायचा नाही. लग्न होऊन नागपूरहून इथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली तेव्हापासून तिचा एक नेम होता. उठायचं, केसांना तेल लावायचं, विंचरून घट्ट अंबाडा घालायचा, मग वंदनेला बसायचं आणि त्यानंतर गॅस पेटवायचा. मोकळ्या केसांनी ती कधी दारातसुद्धा उभी राहिली नाही. आता तेच केस पाठीवर सोडून ती पलंगाच्या कडेला माझी वाट पाहत बसायची.

मला नवा रायपूरची ऑफिसची बस पकडायची असायची. ती तेलीबांधा चौकात येते आणि कुणासाठी थांबत नाही. त्याआधी माझा डबा, बाबांचा चहा, आईच्या गोळ्या आणि आईचे केस. मी भराभरा विंचरायची. गुंता आला की कंगवा खाली ओढायची. "सावकाश," आई म्हणायची, तेही कधीतरीच. अंबाडा घालून झाला की ती मागे हात नेऊन तो चाचपून पाहायचा प्रयत्न करायची, हात अर्ध्यावर थांबायचा, आणि मी तोवर चपला घालत असायची.

मागच्या पावसाळ्यात एका फिजिओथेरपी केंद्रात तिला कोमट पाण्यात बसवून हातांचे व्यायाम देत होते. तिथून घरी येताना एकदा मी गाडी चालवत होते आणि समोरच्या आरशात मला दिसलं की मागच्या सीटवर आईने दोन्ही हात डोक्यामागे नेले आहेत. बोटं हळूहळू फिरत होती. सिग्नल यायच्या आत अंबाडा झाला. वाकडा होता, एका बाजूने सुटत होता, पण तिचा होता.

"पाहिलं का वं?" तिने विचारलं.

"पाहिलं," मी म्हटलं. डोळे भरून आले आणि मागून हॉर्न वाजायला लागले.

पुढे ते केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं, तेही लिफ्ट नसलेल्या इमारतीत. डॉक्टर म्हणाले, घरीच सोय होत असेल तर करा, पण लवकर करा. सांधे एकदा आखडून बसले की मग पाण्यानेही मोकळे होत नाहीत. मग ठरलं, टब घ्यायचा. ठरलं म्हणजे मी ठरवलं. कुठून घ्यायचा यावर आमचं घर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत भांडत राहिलं.

तेलीबांध्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक डीलर आहे. काचेचं शोरूम, आत एसी, आणि कोट घातलेली एक मुलगी. तिने आम्हाला टबातले रंगीत दिवे दाखवले, गाणी वाजवायची सोय दाखवली. "यात गाणे काहून लावतेत?" आईने मला हळूच विचारलं. "आंघोळ कराचीच तर आहे." मुलीला मराठी समजत होती, उत्तर मात्र ती हिंदीत देत होती. ती म्हणाली, "आंटीजी, एक बार बैठकर देख लीजिए। सोमवार को शोरूम बंद रहता है, मैं पर्दे लगवा दूँगी।"

मी सोमवारची सुट्टी टाकली. आई जुना गाऊन घेऊन आली. आधी मुलीला विचारून तिने बाथरूममध्ये बादलीभर पाणी अंगावर घेतलं, कारण अंग धुतल्याशिवाय साठवलेल्या पाण्यात बसायचं हे तिच्या बुद्धीला पटण्यासारखं नव्हतं. मुलगी खूश झाली. तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांनी असं केलं तर फिल्टर दुप्पट टिकेल, असं म्हणाली. आई पाण्यात बसली. आधी तिने कडेची दांडी घट्ट धरली होती, मग सोडली. थोड्या वेळाने डोळे मिटून तिने बोटं पाण्यात उघडमीट केली, आणि बाहेर आल्यावर अंबाडा स्वतः घातला. या वेळी तो सरळ होता.

बाबा आत आलेच नाहीत. ते गाडीत बसून तलावाकडे पाहत होते. मी भाव सांगितला तेव्हा त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली होती ती तशीच खाली ठेवली. "त्या काचेचे, त्या एसीचे, त्या पोट्टीच्या कोटाचे पैसे आपण काहून द्याचे?" ते म्हणाले. "भनपुरीत गोदाम आहे. बंद पडलेल्या हॉटेलांचा माल, परदेशी जायचा राहिलेला माल. पेटीबंद. अर्ध्यात येते."

नंतर डीलरचा माणूस घरी येऊन गेला. त्याने घर आणि कंपाउंड यांच्यामधली बोळ टेपने मोजली, मागच्या अंगणाची फरशी ठोकून पाहिली, मीटरचा लोड विचारला, बोअरचं पाणी किती जड आहे ते विचारलं, टब रोज कोण झाकणार ते विचारलं. बाबा दारात उभे होते. "टब विकून राहिले का पोरगी पाहाले आले?" त्यांनी मला ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारलं. तो माणूस गेल्यावर ते म्हणाले, हे सगळे भाव वाढवायचे धंदे आहेत.

बाबांना ओळखणाऱ्याला हे नवल वाटणार नाही. त्यांची सगळी नोकरी रेल्वेच्या मालगोदामात गेली. लहानपणी मी डबा द्यायला जायची तेव्हा ते पेट्यांमध्ये उभे असायचे, कानावर पेन्सिल. एखादी पेटी आली की ते तिच्याभोवती फिरायचे. पट्ट्या जागेवर, खिळे न हललेले, वर दाखवणारा बाण वरच, कोपरे न चेपलेले. मग ठीक. आत काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कागदावरही रेल्वे तेवढंच लिहायची, की अमुक माल आहे असं पाठवणारा म्हणतो. पेटी फुटकी असेल तरच ती सर्वांसमोर उघडून माल द्यायचा, त्याला ते ओपन डिलिव्हरी म्हणत. धड पेटी उघडा म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी एक तर अडाणी होता नाही तर भांडखोर. घरी आणलेल्या मिठाईचा डबासुद्धा ते आधी फिरवून पाहायचे.

रोज संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी यायची आणि बाबा भनपुरीवर सुरू व्हायचे. मी शोरूमवर सुरू व्हायची. मी म्हणायची, बिघडला तर कोण येईल? ते म्हणायचे, बिघडेल काहून? आई मधल्या खोलीत हाताला गरम पिशवी लावून बसलेली असायची. तिला विचारलं तर म्हणायची, "तुमचं ठरू द्या." डिसेंबरची थंडी आली तशी तिची बोटं आणखी आखडली. कंगवा हातातून पडू लागला. मला ते दिसत होतं आणि तरी रोजचं भांडण संपत नव्हतं. शेवटी एका रविवारी माझी सहनशक्ती संपली. म्हटलं, चला भनपुरीला, एकदाचं होऊन जाऊ दे.

भनपुरीत ट्रकांच्या रांगा आणि हवेत कायमची धूळ. त्यातून वाट काढत आम्ही टिनाच्या एका मोठ्या शेडपाशी पोचलो. आत पेट्याच पेट्या होत्या. बाबा आत शिरले आणि मला दिसलं की त्यांची पाठ सरळ झाली. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी मी त्यांना तसं चालताना पाहत होते. मला आनंद झाला, हे खरं सांगते. मी थकलेली होते, पण आनंद झाला.

त्यांनी एक पेटी निवडली. भोवती फिरले, पट्ट्या ओढून पाहिल्या, खिळ्यांवरून अंगठा फिरवला, कोपरे तपासले. गोदामवाला खुर्चीत बसूनच म्हणाला, "बाबूजी, खोल के देख लीजिए। बाद में वापसी नहीं होती।"

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने काही भलतंच सुचवलं आहे. "पैकिंग साबूत है," ते म्हणाले. "खोलना किसलिए?"

"आपकी मर्जी।"

मी घड्याळ पाहत होते. आईला जेवायला वाढायचं होतं. उघडा हो बाबा, एवढं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण पुन्हा वाद नको म्हणून मी गप्प राहिले. बाबांनी पावतीवर नाव वाचता येईल अशी वळणदार सही केली. माल चांगल्या स्थितीत मिळाला, शेरा काही नाही.

पेटी बोळीतून मागे गेलीच नाही. डीलरच्या टेपची मला फार आठवण झाली. पेटी पोर्चमध्ये ठेवली आणि गाडी रस्त्यावर गेली. बाबांनी स्वतः एकेक खिळा काढला, फळ्या वेगळ्या रचून ठेवल्या, दोऱ्या गुंडाळून ठेवल्या. आतला टब निळाशार होता, खरंच देखणा. शेजारच्या काकू कुंपणावरून "हव, बढ़िया हे!" म्हणाल्या. बाबांनी आईला खुर्ची आणून दिली आणि नळी लावली. पाणी चढत होतं आणि आई ते पाहत होती. सगळं भरून झाल्यावर बाबा म्हणाले, "उद्या इलेक्ट्रिशियन येते. उद्या तू यात बसशीन."

सकाळी पोर्च गेटपर्यंत ओला होता आणि टब रिकामा. बाबा आत उतरून बसले होते, उकिडवे. पाणी सोडायच्या भोकापासून एक बारीक तडा तळभर गेला होता. त्यावरून ते बोट फिरवत होते. पेटी कधीतरी कडेवर उभी केली गेली असणार, किंवा वरून काही पडलं असणार आणि नंतर नवीन पट्ट्या मारल्या असणार. ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी खराटा घेऊन पाणी गेटबाहेर लोटू लागले. बोलले असते तर थांबले नसते.

आम्ही पुन्हा भनपुरीला गेलो. गोदामवाला वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाला, "मैंने तो कहा था खोल लीजिए। आपने साफ दस्तखत किया है बाबूजी। अब मैं क्या करूँ?" मी भांडायला तोंड उघडलं तर बाबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"चाल," ते म्हणाले. "तो बराबर बोलून राहिला."

परतताना रेल्वेचं फाटक बंद लागलं तेव्हा ते म्हणाले, "मालगोदामात एक बाई आली होती. शिलाई मशीन आली होती तिची, पेटीत. घरी जाऊन उघडली तर चाक तुटलेलं. परत आली, रडे. मी हेच म्हटलं तिले. शेरा न मारता सही केली, मग क्लेम कशाचा?" काच खाली करत ते म्हणाले, "तिचं घर त्या मशीनवर चालत होतं म्हणे."

फाटक उघडलं. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही येत होती, आणि या दोन्हींना पुरेल इतकी ताकद माझ्यात नव्हती.

तड्यात एका माणसाकडून लांबी, म्हणजे लुकण, भरून घेतली. टब गरम झाला की ती निघून यायची. तसं दोन-तीनदा झालं. दरम्यान थंडीचे सगळ्यात वाईट दिवस सरले. बाबांनी भनपुरीचं नाव काढणं सोडलं होतं. होळीच्या सुमारास एका सकाळी मी आईचे केस विंचरत होते तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. "चाल शोरूमले," ते म्हणाले. "जो हिने पाहिला तोच घेऊ."

उन्हाळ्याच्या तोंडावर गरम पाण्याचा टब कोणी विचारत नाही, म्हणून शोरूममध्ये मांडलेला तो टब जरा स्वस्तात मिळाला, तरी माझी ठेव मोडावी लागली. बाबा पहिल्यांदाच त्या काचेच्या आत आले. कोटवाल्या मुलीला म्हणाले, "इसकी ओपन डिलीवरी होगी।" तिला काही कळलं नाही. बाबांनी खुर्ची ओढली आणि तिला सगळं समजावून सांगितलं, शिलाई मशीनच्या बाईसकट.

टब मागच्या अंगणात आला. बोळीतून बेताने गेला, दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून. बाबांनी तो मोकळा करायला लावला, उलटा करून तळ पाहिला, प्रत्येक तोटी फिरवली, पाणी भरलं आणि डीलरच्या माणसांना सांगितलं की आता उद्या या, पाणी किती उतरते ते पाहून सही करीन. ती माणसं खूप कुरकुरली. दुसऱ्या दिवशी पाणी होतं तिथेच होतं. मग सही झाली.

पहिल्या शनिवारी मी घरी होते. आई पाण्यात बसली. दुखणं उतरलं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बऱ्याच वेळाने तिने हात वर नेले. हात या वेळी पूर्ण वर गेले. तिने केस धरले, पिळा घातला, आणि अंबाड्यात आकडा खोचायला गेली तर बोटं त्याच्यावर मिटेनात. आकडा पाण्यात पडला. मी काढून दिला. पुन्हा पडला. बाबा अंगणाच्या पायरीवर होते, मान खाली घालून.

"राहू दे," आई म्हणाली. "बरं वाटून राहिलं मले. पाणी चांगलं आहे."

डॉक्टरांनी सांगितलं होतंच, लवकर करा. आमचे लवकरचे महिने भनपुरी की तेलीबांधा यात गेले. मला त्या दिवशी सगळ्यांचा संताप आला होता. बाबांच्या पेटीचा, गोदामाच्या स्वस्ताईचा, शोरूमच्या भावाचा, आणि घड्याळ पाहत उभ्या राहिलेल्या माझा. संताप करून मी पोळ्या लाटायला गेले.

डीलरचा एक नियम होता, तो आम्हाला त्यानंतर कळला. तेलकट केस पाण्यात सुटता कामा नयेत, फिल्टर तुंबतो. केस वर बांधूनच आत उतरायचं. आई टबात बसायची ती ऊन अंगणात आल्यावर, मी ऑफिसात पोचलेली असताना. माझा घाईघाईत घातलेला अंबाडा तोवर ढिला व्हायचा. कोणीतरी तो पुन्हा घालायला हवा होता आणि घरात बाबांखेरीज कोणी नव्हतं.

हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. एका सकाळी मी कंगवा उचलला तर आई म्हणाली, "तू जाय. बाबा घालून देतेत." मला वाटलं, माझी बस चुकू नये म्हणून म्हणते आहे. मी गेले. बस मिळाली, बसायला जागाही मिळाली.

पुढे एक सुट्टी आली तेव्हा मी पाहिलं. अंगणात आई स्टुलावर, तिच्या मागे बाबा खुर्चीत, कानावर आकडा. त्यांनी केस खालच्या टोकाकडून विंचरायला घेतले होते. गुंता आला की ते त्याच्या वरचे केस मुठीत धरायचे, म्हणजे ओढ डोक्यापर्यंत जात नसे, आणि मग एकेक बट सोडवायचे. अंबाडा घालून झाल्यावर ते उठले, आईच्या भोवती पूर्ण फिरले, अंगठ्याने दाबून पाहिलं.

"आतून ओढून तर नाही राहिलं?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं. कानामागे."

त्यांनी सगळा सोडला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टबातलं पाणी गरम होऊन वाट पाहत होतं. माझ्याच्याने ते बघवेना.

"आई, मी घालते ना," मी म्हणाले. "पाच मिनिटांत होईल." मी बाबांच्या हातून कंगवा घेतलासुद्धा.

आईने मागे वळून पाहिलं नाही. तिला मान वळवता येत नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत ती म्हणाली, "पाच मिनिटाचं नको बाई आता. लय दुखते ते. ह्यायले कुठं बस पकडाची आहे."

मी कंगवा बाबांना परत दिला आणि टबाच्या कडेवर टेकले. मलाही त्या दिवशी कुठे बस पकडायची नव्हती.